ओला दगड

‘दिली. लांब दिली तर दिली. पोरगी रोज डोळ्याम्होरं दिसायलाच पायजे, असं कुटं लिवलंय?’

हा दादांचा आवाज. माझ्या वडिलांचा. वीस वर्षं झाली. मी आत चुलीपुढं भाकरी थापत होते आणि ओसरीवर ते माझ्या चुलत्यांना सांगत होते. हातातली भाकरी परातीतच फाटली. गोळा केला, पुन्हा थापली, पुन्हा फाटली. त्या दिवशी घरात सगळ्यांनी जाडजूड, कच्च्या भाकरी खाल्ल्या.

आजही इथं कोकणात, परसातल्या विहिरीत पोहरा सोडला की तो आवाज खालून वर येतो.

स्थळं दोन होती. एक आमच्या मोगरगावापासून अर्ध्या कोसावरच्या काळेवाडीचं. आमच्या माळावर उभं राहिलं की त्यांच्या देवळाचा कळस दिसायचा. चौदा एकर रान, दोन बैलजोड्या, गडीमाणसं. दुसरं स्थळ मास्तरचं. मूळ आमच्याच लातूरकडचे, पण नोकरी पार कोकणात, कुडाळजवळ. एसटीनं चौदा तास, दोन ठिकाणी गाडी बदलून. मला काळेवाडीच हवी होती. मी आई-दादांची एकुलती एक. एकुलत्या लेकीला कुणी नजरेआड करतं का? दादांनी केलं. मी सासरी निघाले तेव्हा सगळ्यांच्या गळ्यात पडले, गोठ्यातल्या गाईच्यासुद्धा. दादांपुढून मात्र तशीच चालत गेले.

कोकणात आमचं बिऱ्हाड सत्यवतीकाकी परबांच्या घरात होतं. परसात विहीर. काकींच्या बोलीत ‘बाव’. काकी मला पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट हसून हसून सांगायच्या.

‘अगो, तुझो बापूस घर बघूक येयलो मां, तो घरात शिरूकच नाय! मास्तराची खोली बघूक नाय, च्याय घेवक नाय. सरळ बावीर गेलो नि पोटार निजान आत बघीत रवलो. माका वाटला, ह्यो म्हातारो पडता की काय!’

मी हसायची नाही. माझ्या मनात यायचं, लेक कुठं ढकलायची ते बघून घेत असतील.

दादा दरवर्षी फाल्गुनात यायचे. खांद्यावर ज्वारीचं पोतं. इथं भाकरीला ज्वारी मिळत नाही म्हणून. ओसरीच्या कडेला बसायचे आणि पाणी मागायचे. तांब्या दिला की म्हणायचे, ‘आसू दे, मी घेतो.’ मग स्वतःच विहिरीवर जाऊन पोहरा ओढायचे, ओंजळीनं प्यायचे आणि कितीतरी वेळ पाय धूत बसायचे. पायावर एवढं पाणी ओतणारा माणूस मी आमच्या गावात कधी पाहिला नव्हता.

एकदा मी बोलले, ‘पाणी बघायला आलाव का लेक बघायला?’

दादा हसले. ‘दोनी,’ म्हणाले.

मी ताट आपटून वाढलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं ते गेले. आठ वर्षं हेच. मी त्यांच्याशी कामापुरतं बोलायची. आणि मग एका आषाढात चुलत्यांचा फोन आला, मी लेकीचा हात धरून निघाले, चौदा तासांचे सोळा झाले, आणि पोचले तेव्हा राखसुद्धा निवत आली होती. मला रडू आलं नाही. मी मनात म्हटलं, घ्या. लांब दिलीत ना? घ्या आता.

कोकणानं मला काय कमी केलं? पाणी दारात. काठी रोवली तरी पालवेल अशी माती. दवाखाना दोन मैलांवर. पण अकरा वर्षांनंतरही मी ‘घाटावरची मास्तरीण’च होते. दर गणपतीला काकींचे मुंबईचे दीर-पुतणे यायचे आणि आम्ही अकरा दिवस खोल्या रिकाम्या करून शाळेत राहायला जायचो. बाकं एकावर एक रचायची, फळ्याखाली स्टोव्ह मांडायचा. ‘शाळा काय परकी आसा? मास्तराचीच मां!’ काकी म्हणायच्या आणि करंज्यांचा डबा पाठवायच्या. वाईट नव्हत्या त्या. पण अकरा वर्षांत एकाही गणपतीला मी माझ्या चुलीपाशी बसले नाही. ते करंजीचं सारण माझ्या घशाखाली कसं उतरायचं, ते मला माहीत.

म्हणून त्या वर्षी बदल्यांचे अर्ज निघाले, स्वतःच्या जिल्ह्यात परत जायची संधी आली, तेव्हा मी आमच्या ह्यांना, उमाकांत गुरुजींना, सांगून टाकलं, ‘भरा.’

गुरुजी गणिताचे. त्यांनी वहीचं पान घेतलं, मधोमध रेघ मारली. डावीकडं कुडाळ, उजवीकडं लातूर. खाली ओळी पाडल्या. पाणी, दवाखाना, शाळा, वीज, हवा, रस्ता आणि शेवटी ‘आपली माणसं’. सहा ओळींत कोकण जिंकलं. एका ओळीत लातूर.

‘निवडणूक असती तर लातूरचं डिपॉझिट गेलं असतं,’ गुरुजी म्हणाले.

‘ती एक ओळ तुमच्या सहा ओळींना जड आहे. आईला कोण आहे तिकडं? तिच्या वेळी पण मी राख बघायला जाऊ का?’

गुरुजींनी चष्मा काढला. ‘तू जाऊन ये. बघून ये. गुरुवारी पाच वाजेपर्यंत मुदत आहे. तू म्हणालीस भर, की भरतो. एक शब्द बोलणार नाही.’

मैथिलीला, आमच्या नऊ वर्षांच्या लेकीला, त्यांच्यापाशी ठेवून मी निघाले. ते पान घडी करून पिशवीत घातलं.

वैशाख होता. मोगरगाव करपून गेलेलं. बुधवारी सकाळी घरात पाय ठेवला तेव्हा आई सुपात तूर निवडत बसली होती. डोक्यावरचा पदर ढळलेला. टाळूवर रुपयाएवढी केस नसलेली जागा, गुळगुळीत. चुंबळीनं केलेली. डोक्यावर कापडाची ती गोल गुंडाळी ठेवून आयुष्यभर घागरी वाहिल्या की केस पुन्हा तिथं येत नाहीत. लहानपणी मी त्या जागेवर बोट फिरवायची आणि ती हात झटकायची.

‘आई, आम्ही परत यायलोत. कायमचं.’

मला वाटलं होतं ती सूप टाकून उठेल.

‘कशाला येलालीस?’ ती म्हणाली आणि खडा वेचून बाजूला टाकला.

‘कशाला म्हणजे? तुझ्यापाशी राहायला!’

‘मी काय मरलालेव का?’

‘मरायची वाट बघू का मग? दादांची बघितली तशी?’

ती तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणायला लागली. तिची ती सवय. बोलायचं नसलं की ओवी.

‘लेक माझी दिली बाई, निळ्या पाण्याच्या कडंला…’

पुढची ओळ तिनं कधीच म्हटलेली मी ऐकली नव्हती. एवढीच म्हणायची आणि थांबायची.

‘दिली, दिली! देताना कुणी विचारलं होतं मला? आता गाणी कशाला म्हणतीस?’

तेवढ्यात बाहेर गलका झाला. टँकर आला होता. आई ताडकन उठली. साठी ओलांडलेली बाई, पण दोन्ही हातांत घागरी घेऊन अंगणाबाहेर पडलीसुद्धा. मी मागून धावले. मारुतीच्या पारापाशी ड्रम, घागरी, तेलाचे डबे, सगळ्यांची रांग. शेजारची लोचनाकाकू कमरेवर हात ठेवून उभी होती.

‘आगं बया! कोकणची पाव्हणी! पाणी कसं दिसतंय ते बघायला आलीस व्हय? बग, बग. असं नळीतून येतंय. दुपारपातूर संपतंय.’

बायका हसल्या. मीही हसले. आईची भरलेली घागर उचलायला वाकले, तर तिनं माझ्या हातावर फटका मारला. खरोखरचा. चारचौघींत.

‘ठेव ती.’

‘आई, मी नेते ना.’

‘ठेव म्हनलं ना! हात लावायचा न्हाई.’

‘का? मला काय आता घागर उचलता येत नाही?’

‘येती. मनूनच ठेव.’

लोचनाकाकू म्हणाली, ‘आगं नेऊ दे की पोरीला. आता हितंच ऱ्हाणार हाय मनं.’

‘कोण मनालं?’ आईनं तिच्याकडं अशी नजर टाकली की काकूनं डबा उचलून नळीकडं तोंड वळवलं.

सबंध दिवस आई माझ्याशी बोलली नाही. जेवण वाढलं. अंथरूण टाकलं. हंड्यातलं पाणी प्यायला मी वाकले की तीच पुढं होऊन तांब्या भरून द्यायची. पाव्हण्याला देतात तसा. माझ्याच घरात मी पाव्हणी. तिकडं गणपतीत घर नाही आणि इकडं आईच्या दारात घागर नाही. माझं डोकं फिरायला लागलं होतं.

गुरुवारी दुपारी मी तिच्यापुढं ते पान पसरलं. तिला वाचता येत नाही.

‘गुरुजींनी मांडलंय. कुठं राहणं बरं ते.’

‘वाच.’

मी ओळी वाचल्या.

‘पाण्याची ओळ कितवी?’

‘पहिली.’

‘तितं काय लिवलंय?’

‘कुडाळ, बारमाही. मोगरगाव, टँकर.’

‘मंग खालच्या ओळी लिवल्याच कशाला? पान वाया घालवलं.’

‘शेवटची ऐक ना. आपली माणसं. त्यात आपलं गाव पुढं आहे.’

‘आपली मान्सं पेता येतेत का?’

‘थट्टा करू नको, आई!’

‘थट्टा न्हाई करलाले. सांग की. रांजणात भरून ठिवता येतेत का?’

मी उठून उभी राहिले. अकरा वर्षांचं सगळं एकदम तोंडाशी आलं. शाळेतली बाकं, करंज्यांचे डबे, सोळा तासांचा तो प्रवास, निवत आलेली राख. मी ओरडायला लागले. पलीकडं लोचनाकाकूच्या अंगणात भांड्यांचा आवाज थांबला, तरी मी थांबले नाही.

‘मी तुमची कोण आहे ते एकदा सांगून टाक! एकुलती एक पोर, ती लांब फेकली. आता मी माझ्या पायानं परत यायले तर दार लावायलीस. तुझं काय जातंय? मी मागतेय काय तुझ्याकडं? एक कोपरा? काळेवाडीला दिली असतीस तर रोज संध्याकाळी येऊन तुझं डोकं चेपून गेले असते! पण नाही. दादांना लांबचंच पाहिजे होतं. मी ऐकलंय माझ्या कानानं. कुटं लिवलंय, म्हणत होते! बरं झालं गेले. असते तर आज तोंडावर विचारलं असतं, पोरीला उकिरड्यावर टाकून तुम्हाला घास कसा गोड लागला म्हणून!’

आईच्या हातातलं सूप खाली गेलं. तूर सगळ्या ओसरीभर पसरली. ती तिनं गोळा केली नाही. तसं तिनं कधी केलं नव्हतं. आमच्या घरात सांडलेला दाणा पडून राहत नसे.

ती आत गेली. पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा हातात एक जुना खण होता, माझ्या लग्नातला. तिनं तो माझ्यापुढं सोडला. आत सुतळीची दोन बंडलं. दोन्हींच्या टोकाला मुठीएवढा काळा दगड बांधलेला.

‘हे काय?’

‘सुतळी.’

‘ते दिसायलंय मला.’

‘मंग नीट बग.’

मी पहिलं बंडल उलगडलं. लांबच लांब, सलग, कुठंही गाठ नाही. दुसरं उलगडलं तर दगडापासून थोड्या अंतरावर एक गाठ लागली. घट्ट मारलेली, काळी पडलेली.

‘घर बघायला बायका जात नसतेत,’ आई म्हणाली. ‘गडी जातेत. जाऊन पंगत खातेत, बैलं बघतेत, पोराची उंची बघतेत, आन् येतेत. तुझे दादा दोन्ही घरं बघायला निघाले तवा मी त्येंच्या पिशवीत ह्या दोन सुतळ्या घातल्या. साठ-साठ हाताच्या. ऐन वैशाख होता, आतासारखाच. म्हनलं, पोरगा बघू नका, वाडा बघू नका, जिमीन बघू नका. विहिरीत ह्यी सोडा. दगड भिजला की वर हाताशी गाठ मारा आन् मला आणून द्या.’

माझ्या डोळ्यांपुढं सत्यवतीकाकींची ती बाव आली. पोटावर निजलेला म्हातारा.

‘ही काळेवाडीची,’ तिनं बिनगाठीच्या बंडलावर बोट ठेवलं. ‘साठ हात सरली, तरी दगड कोरडाच आला. मी गालाला लावून बघितला. आन् ह्यी तुझी. अकरा हात.’

‘म्हणजे दादांनी—’

‘त्येंच्या मनात काळेवाडीच होती. माळावर उभारलं की लेक दिसंल मनायचे. मी म्हनलं, दिसंल की. पन कशी दिसंल? डोक्यावर घागर घिऊनच दिसंल. तीन दिवस भांडलाव आमी. ते जेवले न्हाईत. चवथ्या दिवशी ओसरीवर तुझ्या काकाला ते बोलले. तू आत भाकरी करलालीस, आयकलालीस, ठाऊक होतं त्येनला.’

‘मुद्दाम बोलले?’

‘मुद्दाम. मनाले, पोरगी कुनावर तर रुसणारच. माझ्यावर रुसू दे. लेकीला माय लागती.’

मला कळेना की मी कुणावर ओरडतेय. पण मी ओरडतच होते.

‘आठ वर्षं मी त्यांच्याकडं बघितलं नाही! ताट आपटलं त्यांच्यापुढं! ते पाय धुवत बसायचे आणि मी आतून कडी लावून घ्यायची. आणि तू हे गठुडं पेटीत ठेवून बसलीस? ते गेल्यावर तरी सांगायचं! राखेपाशी मी काय म्हटलं मनात, माहीत आहे तुला?’

‘सांगितलं असतं तर तवाच परत आली असतीस. राग होता मनून तितं टिकलीस.’

‘तू कोण माझा राग जपून ठेवणारी?’

‘माय,’ ती म्हणाली.

पिशवीतला फोन वाजायला लागला. गुरुजी होते. मागं कीबोर्डची टकटक ऐकू येत होती.

‘साडेचार झाले, महानंदा. साइट चालू आहे. लातूर टाकू का? काय करू?’

मी फोन कानाशी धरून आईकडं बघत राहिले. ‘हॅलो, हॅलो,’ ते म्हणत राहिले. आईनं हात पुढं केला. फोन घेण्यासाठी नाही. माझं मनगट धरलं आणि मला खाली बसवलं, पसरलेल्या तुरीतच.

‘थांबा मन त्येनला. आजून एक ऱ्हायलंय.’

मी फोन तसाच मांडीवर ठेवला.

‘तू एकलीच का, हे तू कवा इचारलं न्हाईस,’ आई म्हणाली. ‘लोकं इचारायची. मी मनायची, देवानं एवढंच दिलं. तुझ्या पाठीवर दोन होते, म्हानंदा. एक पाचव्या म्हैन्यात, एक सातव्यात. दोन्ही खालच्या विहिरीच्या वाटंवर गेले. तुझ्या दादांना वाटायचं, मी पाय घसरून पडले. मरेपातूर तेच वाटलं त्येनला. मी बी तेच सांगितलं.’

तिनं पदर मागं सारला आणि स्वतःच्या टाळूवरच्या त्या गुळगुळीत जागेवर तळहात ठेवला.

‘पडले न्हाई मी. कळ आली तवा आधी घागर उतरवली. चुंबळ खाली मांडली, तिच्यावर नीट ठिवली, वरचा तांब्या बी हालू दिला न्हाई. मंग बसले. दोन्ही येळंला. पानी सांडू दिलं न्हाई मी, म्हानंदा. लेकरू जाऊ दिलं.’